सांगाडा तोच, बाकी सारे बदललेले : एम-१९११ पिस्तुलाचा इतिहास आणि जुन्या शस्त्राची राखण

१/
सप्टेंबर २०१८. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या अ‍ॅनिस्टन या गावी देशभरातून टपालाने अर्जांचे गठ्ठे येऊ लागले. अर्ज होते एका पिस्तुलासाठी. नव्या नव्हे, १९४५ साली किंवा त्याआधी बनलेल्या, लष्कराने दशकानुदशके वापरून बाजूला ठेवलेल्या पिस्तुलासाठी. एका माणसाला एकच नग, आणि तोही संगणकाने काढलेल्या सोडतीच्या क्रमाने. दर्जानुसार किंमत ८५० ते १,०५० डॉलर.

२/
पिस्तूल हाती आल्यावर अनेकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सांगाडा एका कारखान्याचा, वरची स्लाइड दुसऱ्याच कारखान्याची, नळी तिसरीकडची, आणि रंग मूळचा नव्हेच. मग ‘जुने’ म्हणून विकत घेतले ते नेमके काय? या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास आहे. शस्त्र जिवंत ठेवणारी दुरुस्ती त्याच शस्त्राची साक्ष कशी पुसत जाते, याची ही गोष्ट.

३/
सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी, फिलिपिन्समध्ये. स्पेनकडून मिळालेल्या या बेटांवर अमेरिकी सैन्याला कडवा प्रतिकार झाला. सैनिकांकडची .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हरे अंगावर धावून येणाऱ्या माणसाला थोपवू शकत नाहीत, अशा तक्रारी येऊ लागल्या. १९०४ साली जॉन थॉम्पसन आणि लुई लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेऊन शिफारस केली की, लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ कॅलिबरहून लहान नसावी.

४/
त्या मापाचे पिस्तूल घडवले जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला हा माणूस बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाच्या कार्यशाळेत वाढला. त्यांची रचना कोल्ट कंपनीने बनवली. वर्षानुवर्षांच्या स्पर्धेनंतर मार्च १९११मध्ये शेवटची चाचणी झाली. एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या. दर शंभर गोळ्यांनंतर थोडी विश्रांती, दर हजार गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेल.

५/
कोल्टचे पिस्तूल एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने कोल्टचे पिस्तूल स्वीकारले आणि त्या सालावरूनच त्याचे नाव पडले : एम-१९११. या चाचणीतली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साफसफाई आणि तेल हे पिस्तुलाच्या परीक्षेचाच भाग होते. न राखता चालणारे यंत्र कोणीही मागितले नव्हते.

६/
पुढचे सारे समजण्यासाठी या यंत्राची थोडी ओळख हवी. खाली पोलादी फ्रेम, म्हणजे सांगाडा. त्यातच मूठ आणि चाप. मुठीत सात काडतुसांचे मॅगझिन. फ्रेमच्या खाचांवर पुढेमागे सरकणारी पोलादी स्लाइड आणि तिच्या पोटात पाच इंची नळी. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून थोड्या मागे सरकतात. मग एका छोट्या दुव्यामुळे नळीचे मागचे टोक खाली झुकते, स्लाइड सुटते आणि मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. स्लाइडखालची स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता नवे काडतूस नळीत बसते.

७/
ब्राउनिंग यांची खरी दूरदृष्टी मात्र दिसते ती पिस्तूल उघडताना. मुठीवरच्या लाकडी पट्ट्यांचे स्क्रू सोडले तर बाकीचे सारे सुटे भाग वेगळ्या हत्याराशिवाय काढता येतात. पिस्तुलाचाच एक भाग दुसरा भाग काढायला उपयोगी पडतो. खंदकातल्या सैनिकाने ते स्वतः उघडावे, पुसावे, तुटलेला भाग बदलावा आणि पुन्हा जोडावे, हे त्यात गृहीत होते. हे पिस्तूल दुरुस्तीसाठीच जन्मले होते.

८/
पहिल्या महायुद्धाने मागणी एकदम वाढली. कोल्ट आणि सरकारी स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळा यांच्या जोडीला रेमिंग्टन कंपनीलाही काम मिळाले. घाईचा ठसा वस्तूवर उमटलाच. युद्धापूर्वीच्या पिस्तुलांवर निळसर, आरशासारखी झळाळी असे. १९१८ची कोल्ट पिस्तुले काळपट आणि खरबरीत निघाली, कारण पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायला वेळच नव्हता. संग्राहक आज त्यांना ‘ब्लॅक आर्मी’ म्हणतात. सौंदर्यदृष्ट्या हा उणेपणा; इतिहासाच्या दृष्टीने ती युद्धकाळाची स्वाक्षरी.

९/
युद्धाच्या अनुभवातून १९२०च्या दशकात बदल झाले. चाप आखूड केला, चापामागे फ्रेमला बोटासाठी उतार दिला, मुठीचा मागचा भाग फुगीर केला, हाताला चिमटा बसू नये म्हणून मागची शेपटी लांबवली. या सुधारित रूपाचे नाव एम-१९११ए१. पण सुटे भाग बहुतांशी एकमेकांत बसतच राहिले. १९१४च्या फ्रेमवर १९४४ची स्लाइड चढत असे. सोय मोठी होती. तिची किंमत पुढे कळणार होती.

१०/
दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल बनवणाऱ्यांची यादी वाचताना मौज वाटते. कोल्ट तर होतेच. शिकारीच्या बंदुका बनवणारी इथाका. टंकलेखन यंत्रे बनवणारी रेमिंग्टन रँड, जिने या सर्वांहून अधिक नग बनवले. रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल. आणि घराघरात शिवणयंत्रामुळे ठाऊक असलेली सिंगर. युद्धकाळात एकूण सुमारे १९ लाख पिस्तुले बनली.

११/
सिंगरचा वाटा केवळ ५०० नगांचा. ते कंत्राटच मुळी कारखान्याला शिकवण्यासाठी दिलेले होते. काम उत्तम झाले, पण एवढी अचूक यंत्रशक्ती पिस्तुलांपेक्षा अधिक नाजूक कामासाठी वापरावी असे ठरले. ती ५०० पिस्तुले इतर पिस्तुलांसारखीच सैन्यात वाटली गेली, झिजली, हरवली. उरलेल्यांना आज लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किंमत आलेली आहे. एकेकाळी शस्त्रागारातल्या कारागिराच्या दृष्टीने मात्र ती इतर लाखोंसारखीच एक फ्रेम होती.

१२/
पाच कारखान्यांचे भाग एकमेकांत बसलेच पाहिजेत, ही लष्कराची अट होती. त्यासाठी मापाच्या चौकटी होत्या, निरीक्षक होते आणि निरीक्षकांचे शिक्के होते. फ्रेमवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ ही अक्षरे, अनुक्रमांक, आणि बाजूला सरकारी निरीक्षकाची आद्याक्षरे : रेमिंग्टन रँड आणि इथाकावर ‘एफजेए’, कोल्टच्या बऱ्याच नगांवर ‘जीएचडी’, युनियन स्विचवर ‘आरसीडी’. जाणकार माणूस हे शिक्के शिलालेखाच्या अक्षरवटिकेसारखे वाचतो.

१३/
१९४५मध्ये युद्ध संपले, कंत्राटे रद्द झाली. त्यानंतरची गोष्ट विलक्षण आहे. हेच पिस्तूल पुढे चाळीस वर्षे अमेरिकी लष्कराचे अधिकृत पिस्तूल राहिले. कोरियात ते लढले, व्हिएतनाममध्ये बोगद्यांत उतरणाऱ्या सैनिकांच्या हाती होते. पण एवढ्या काळात लष्कराने नव्या नेहमीच्या एम-१९११ए१ पिस्तुलांची खरेदी पुन्हा केली नाही. एक अख्खी पिढी दुरुस्तीवर चालली.

१४/
ही दुरुस्ती चाले मोठ्या शस्त्रागारांत : ऑगस्टा, रॉक आयलंड, स्प्रिंगफील्ड, पुढे अ‍ॅनिस्टन. पिस्तुले पेट्या भरून येत. ती पूर्ण उघडली जात. फ्रेमांचा एक ढीग, स्लाइडींचा दुसरा, नळ्यांचा तिसरा. झिजलेले भाग भंगारात, चांगले भाग साफ करून पुन्हा जोडणीला. कोणती स्लाइड कोणत्या फ्रेमवरून निघाली होती, हे पाहण्याचे कारणच नव्हते. काही कोल्ट पिस्तुले सोडली तर स्लाइडवर अनुक्रमांक नव्हताही.

१५/
जोडणीपूर्वी जुना रंग काढून पोलादावर फॉस्फेटचा करडा थर चढवला जाई. याला पार्करायझिंग म्हणतात. हा थर तेल धरून ठेवतो, चमकत नाही, गंजाला अटकाव करतो. सैनिकासाठी याहून चांगले काही नव्हते. मग फ्रेमवर शस्त्रागाराचे संक्षिप्त नाव ठोकले जाई : ऑगस्टासाठी ‘एए’, रॉक आयलंडसाठी ‘आरआयए’. आणि पिस्तूल पुन्हा नव्या माणसाच्या कमरेला लागे.

१६/
कारागिरांची यात चूक कोणती? काहीच नाही. त्यांना सैनिकाच्या हाती भरवशाचे शस्त्र द्यायचे होते, संग्रहालय भरायचे नव्हते. तरी त्या करड्या थराखाली बरेच काही गेले. १९१२ची निळी झळाळी गेली. १९१८चा खरबरीतपणा गेला. कडांची धार आणि अक्षरांची खोली बोथट झाली. जुन्या देवळाच्या दगडावर भक्तिभावाने ऑइलपेंट फासला जातो तेव्हा असेच घडते. वास्तू टिकते, हेतूही चांगला असतो, पण छिन्नीची खूण पुन्हा दिसत नाही.

१७/
फ्रेम एवढी का टिकली, याचे उत्तर स्वस्त स्प्रिंगमध्ये आहे. स्लाइड मागे येते तेव्हा तिचा वेग खाणारी स्प्रिंग काही हजार गोळ्यांत थकते. ती वेळेवर बदलली तर फ्रेमला धक्का बसत नाही. न बदलल्यास प्रत्येक गोळीसरशी पोलाद पोलादावर आदळते आणि अखेर बारीक भेगा दिसू लागतात. काही डॉलरांची वस्तू हजार डॉलरांच्या वस्तूचे रक्षण करते. म्हणून जाणते खरेदीदार जुने पिस्तूल घरी आणले की पहिल्यांदा त्यातल्या स्प्रिंगा बदलतात, आणि काढलेल्या जुन्या स्प्रिंगा चिठ्ठी लावून जपून ठेवतात.

१८/
दुसरा शत्रू गंज, आणि त्याचे मूळ काडतुसातच होते. युद्धकाळातल्या .४५ काडतुसांच्या टोपीत असे रसायन असे की ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरे. हा क्षार हवेतली ओल ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून सैनिकांना नळी आधी साबणाच्या पाण्याने किंवा खास द्रावणाने धुवायला, मग कोरडी करून तेल लावायला शिकवले जाई. ज्याने नुसतेच तेल लावले, त्याच्या नळीत खड्डे पडले. पाण्याने पोलाद वाचवावे, हे ऐकायला उलटे वाटते. रसायनशास्त्राला ते सरळ आहे.

१९/
तिसरी गोष्ट पोलादाच्या जातीची. पहिल्या महायुद्धकाळच्या स्लाइडी आजच्या मानाने मऊ आहेत. उष्णतेने पोलाद कडक करण्याची प्रक्रिया तेव्हा त्यांवर होत नसे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत निदान झीज होणाऱ्या जागा कडक केल्या जाऊ लागल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणूनच १९१४ची मूळ स्लाइड असलेल्या पिस्तुलातून आजची जोरकस काडतुसे झाडणे म्हणजे शंभर वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारच्या हौसेपायी पणाला लावणे होय.

२०/
१४ जानेवारी १९८५ रोजी निर्णय जाहीर झाला. नवे पिस्तूल इटालियन बेरेटा कंपनीचे, ‘एम-९’. काडतूस नाटो देशांना समान असलेले ९ मिमीचे, मॅगझिनमध्ये पंधरा, आणि फ्रेम पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. जुन्या पिस्तुलांची झीज हे बदलाचे एक कारण होते. चाळीस वर्षे ढिगांतून जोडलेले भाग आता खुळखुळू लागले होते.

२१/
तरी सांगाडा संपला नव्हता. त्याच सुमारास मरीन दलाच्या क्वांटिको येथील कारागिरांनी निवृत्त पिस्तुलांच्या ढिगातून चांगल्या फ्रेमा हाताने निवडल्या. त्यांवर नव्या स्लाइडी, नव्या नळ्या, नवे चाप बसवून खास तुकड्यांसाठी पिस्तुले घडवली. ज्या फ्रेमा १९४५पूर्वी घाईत बनल्या होत्या, त्या एकविसाव्या शतकातल्या मोहिमांवर गेल्या. या दलाने कोल्टकडून नव्या पिस्तुलांचे कंत्राट केले ते २०१२ साली.

२२/
उरलेली सुमारे एक लाख पिस्तुले गोदामात पडून होती. एका पिस्तुलाच्या साठवणीला वर्षाला सुमारे दोन डॉलर खर्च येई. २०१५ साली संमत झालेल्या संरक्षण कायद्याने ती नागरिकांना विकण्याची वाट उघडली आणि विक्री सुरू झाली ती २०१८मध्ये, नेमबाजीला उत्तेजन देणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेमार्फत. खरेदीदाराची पार्श्वभूमी दोनदा तपासली जाणार होती. पूर्वी, १९६०च्या दशकात, अशीच पिस्तुले सुमारे १७ डॉलरला विकली गेली होती.

२३/
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. विकत घेतले ते काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९६८च्या अमेरिकी कायद्यानुसार फ्रेम हेच शस्त्र. अनुक्रमांक तिच्यावर, नोंद तिची. स्लाइड, नळी, स्प्रिंग हे केवळ सुटे भाग. सारे बदलले तरी कायद्याच्या लेखी पिस्तूल तेच.

२४/
नेमबाजाचे उत्तर वेगळे. त्याला पाहायचे असते की स्लाइड फ्रेमवर किती हलते, नळीत खड्डे आहेत का, घोडा ताणून ठेवल्यावर घट्ट राहतो का, मुठीमागची सुरक्षाकळ दाबल्याशिवाय चाप चालतो का, पुंगळी ओढणाऱ्या आकड्यात ताण उरला आहे का, मॅगझिनचे ओठ वाकलेले नाहीत ना. भाग कोणाचा आहे याने त्याला फरक पडत नाही. त्याच्यासाठी शस्त्रागाराने जोडलेले करडे पिस्तूल हा उत्तम सौदा असतो.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाचे उत्तर आणखी निराळे. त्याला मूळ पृष्ठभाग हवा, झिजलेला असला तरी चालेल. फ्रेमचा अनुक्रमांक, निरीक्षकाची आद्याक्षरे, स्लाइडवरचे कारखान्याचे नाव, नळीवरचा शिक्का आणि रंगाची जात हे पाच साक्षीदार एकच साल सांगतात का, हे तो तपासतो. पाचांपैकी एकाने वेगळे साल सांगितले तर पिस्तूल खोटे ठरत नाही. त्याचे चरित्र तेवढे वेगळे होते.

२६/
धोका आहे तो तिसऱ्याच जागी. शस्त्रागाराने आपल्या कामावर शिक्का मारला. लपवाछपवी केली नाही. बाजारातला लबाड माणूस मात्र करडा थर काढून निळा रंग चढवतो, पुसट अक्षरे नव्याने कोरतो, योग्य सालाचे भाग गोळा करून ‘मूळ’ पिस्तूल उभे करतो. सोबत कहाणीही देतो : हे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. पण अनुक्रमांकावरून सहसा कळते ते पिस्तूल कोणी आणि केव्हा बनवले, एवढेच. ते कोणत्या सैनिकाच्या हाती होते, हे नोंदवलेले क्वचितच सापडते. म्हणून किंमत द्यायची ती कागदाला, कहाणीला नव्हे.

२७/
प्रामाणिक हौशी माणसाकडूनही हानी होते, आणि ती अधिक हळहळ लावणारी असते. आजोबांचे पिस्तूल वारशाने येते. जागोजागी रंग उडालेला, मूठ काळवंडलेली. नातू प्रेमाने ते घासून पॉलिश करतो, नवा रंग देतो. पिस्तूल दुकानातल्यासारखे दिसू लागते, आणि आजोबांच्या हाताने झिजलेली जागाच नाहीशी होते. गंज थांबवणे म्हणजे जतन. झीज पुसणे म्हणजे विसर. मऊ कापड, पातळ तेलाचा हात आणि कोरडी जागा यांपलीकडे बहुतेक जुन्या पोलादाला काही लागत नाही. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवणे तर टाळावेच, कारण चामडे ओल धरते.

२८/
ही वस्तू माणसे मारण्यासाठी बनली होती, हे विसरून तिचा इतिहास लिहिता येत नाही. पण तिच्यावर लाखो हातांच्या खुणा आहेत. टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यात बनलेली फ्रेम, शिकारी बंदुकांच्या कारखान्यातली स्लाइड, ऑगस्टाच्या कारागिराने ठोकलेली दोन अक्षरे. असे मिश्र पिस्तूल ‘अस्सल नाही’ म्हणून कमी लेखले जाते. वास्तविक चाळीस वर्षांच्या दुरुस्तीचा सर्वांत खरा दस्तऐवज तेच आहे.

२९/
अ‍ॅनिस्टनहून निघालेल्या त्या पिस्तुलांत बहुतेक अशीच मिश्र होती. काहींच्या नव्या मालकांनी ती लगेच उजळवली. काहींनी नुसत्या स्प्रिंगा बदलल्या, जुन्या चिठ्ठी लावून बाजूला ठेवल्या, तेलाचा हात फिरवला आणि फ्रेमवरचे शिक्के वहीत उतरवून घेतले. शंभर वर्षांनी कोणी त्या फ्रेमा वाचायला बसला, तर त्याला काही कळेल ते या दुसऱ्या लोकांमुळे.

(धागा समाप्त)